‘नको’चं बटण

खाटकाने त्या दुपारी योग्य माणसालाच मारलं. पण हे इतक्यात सांगायचं नव्हतं. तेव्हा अजून कुणीही मेलेलं नाही असं धरू आणि मेहुण्याच्या करंगळीपासून सुरुवात करू.

ती सकाळीच मोडली होती. मालकाने ती टेबलाच्या खणात धरली आणि खण गुडघ्याने बंद केला.

“बायकोचा भाऊ म्हणून डावा हात,” मालक म्हणाला. “टायपिंग अडायला नको म्हणून करंगळी. जेवणं होईपर्यंत फितूर शोध. नाहीतर तुझं नाव उघडतो.”

धंदा सरळ होता. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर बसून मालक माणसं मारून देत असे. पूर्वी सगळं तोंडी चालायचं. मग एकदा मालकाने दारूच्या भरात हुकूम दिला, सकाळी तो नाकारला, आणि खाटकाची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून नियम झाला. मोबाइलवर येईल तेच खरं.

“मी समोर उभा राहून बोंबललो तरी ऐकायचं नाही,” मालकाने बजावलं होतं.

“बरं,” खाटीक म्हणाला होता. तो आधी बोकड कापायचा. बोकडांशीही त्याने कधी वाद घातला नव्हता.

वेबसाइट मेहुण्याने बनवली, ऑनलाइन कोर्स करून. वस्तीतल्या सगळ्यांच्या यादीतलं नाव निवडलं की नवं पान उघडायचं: ‘खात्री आहे का?’ खाली ‘हो’ आणि ‘नको’. त्याच्याही खाली, मालकाच्या हट्टामुळे, एक चौकट: ‘हरकत असल्यास नोंदवा.’ चांगल्या कंपन्यांकडे असते म्हणे. हरकत कोण घेणार, हे कुणी विचारलं नाही. काहीही लिहिलं की लगेच उत्तर यायचं, ‘आपली हरकत मिळाली. कार्यवाही सुरू आहे.’ ते उत्तर ब्राउझर स्वतःच्या मनाने द्यायचा. सर्व्हरपर्यंत काहीच जात नव्हतं. तेवढं काम राहिलं होतं.

अडचण वेगळीच होती. ‘नको’ दाबलेली माणसंही मरत होती.

सुताराने पाय धरून माफी मागितली होती. मालकाने ‘नको’ दाबलं. सुतार त्याच्याच रंधा मशीनवर सापडला, बराचसा पातळ झालेला. मग न्हावी, मालकाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं नाव उघडताच मालकाचे डोळे भरून आले आणि त्याने ‘नको’ दाबलं. न्हावी स्वतःच्याच खुर्चीत मिळाला, आरशाकडे तोंड करून. गळा या कानापासून त्या कानापर्यंत, आणि टॉवेल मात्र नीट खोचलेला.

बोटाला पट्टी बांधून मेहुण्याने आधी सगळ्यात सोपी गोष्ट केली. एक नाव उघडलं. प्रश्न आला. त्या नावाकडे तो जरा वेळ बघत बसला. बोट ठणकत होतं. मग त्याने ‘नको’ दाबलं. बटण व्यवस्थित चालत होतं.

मग तो कोड वाचायला बसला, आणि एका ओळीवर त्याचा हात थांबला. त्याने घड्याळ पाहिलं. ओळ दुरुस्त केली. पुन्हा घड्याळ पाहिलं, आणि मालकाला बोलावलं.

“फितूर कुणी नाही, भाऊजी. चूक माझी आहे.”

“मराठीत बोल.”

“पान दोन ठिकाणी तयार होतं. आधी सर्व्हरवर, मग तुमच्या ब्राउझरमध्ये. प्रश्न विचारतो ब्राउझर. खाटकाला मेसेज पाठवतो सर्व्हर. मी सर्व्हरची ओळ प्रश्नाच्या पोटात लिहिली. म्हटलं, ‘हो’ आलं तरच चालेल. पण सर्व्हरला तो प्रश्न म्हणजे नुसता मजकूर. तो आधी मेसेज पाठवून मोकळा होतो आणि मग प्रश्न तुमच्याकडे धाडतो.”

मालकाने विचार केला.

“म्हणजे न्हाव्याने आधी टक्कल करायचं आणि मग विचारायचं, केस किती ठेवू?”

“तसंच.”

“त्या बिचाऱ्याने असं कधी केलं नाही.” मालकाने नाक पुसलं. “म्हणजे पान उघडलं की माणूस गेला?”

“उघडलं की गेला. आता ओळ वेगळी केलीय. ‘हो’ दाबलं तरच सर्व्हरला कळतं.”

“बघू.” मालकाने लॅपटॉप ओढला, यादीतून मेहुण्याचं नाव निवडलं आणि ‘नको’ दाबलं. मालकाने खाटकाला फोन लावून स्पीकर चालू केला.

“नवीन काही आलं?”

“नवीन नाही. सकाळचं आहे एक. जेवतोय. हात धुतला की उरकतो.” खाटीक उपाशीपोटी सुरीला हात लावत नसे.

फोनवर नाव घ्यायचं नाही, हाही मालकाचाच नियम. एका बिल्डरचं नाव त्याने काल उघडून ठेवलं होतं आणि आज सकाळी ‘हो’ दाबलं होतं. तोच असणार.

“शाब्बास रे!” मालकाने मेहुण्याच्या पाठीत थाप घातली. “उगाच मोडलं तुझं बोट. आता कुणाला धोका नाही ना?”

“आता नवीन कुणाला नाही, भाऊजी.”

“बहिणीला काय सांगशील?”

“खणात अडकलं म्हणून सांगेन. खोटं थोडंच आहे?”

मालक पोट धरून हसला. हसता हसताच जिना वाजला. खाटीक आत आला, दात कोरत. त्याने दाराला कडी लावली, सुरी काढली आणि अंगठ्यावर धार पाहिली. मेहुणा भिंतीला टेकला.

“अरे, याला नाही मारायचं!” मालक म्हणाला. “मी ‘नको’ दाबलंय.”

“याला कोण मारतंय?” खाटकाने मोबाइल वळवून दाखवला. “बिल्डरचं काल उरकलं. हे तुमचं आहे, मालक.”

मालकाची मान सावकाश मेहुण्याकडे वळली.

“मी पण ‘नको’च दाबलं होतं, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “ताईची शपथ.”

मालक बोंबलला. नियमाप्रमाणे खाटकाने ऐकलं नाही. मग मालकाने लॅपटॉपवर झडप घातली आणि हरकतीची चौकट गाठली. तो टाइप करत होता तोवर खाटीक अदबीने थांबला.

‘प्रति, व्यवस्थापन. विषय: माझा खून रद्द करणेबाबत. महोदय, सदर काम नजरचुकीने नोंदले गेले असून मी स्वतः या संस्थेचा मालक आहे. तरी काम तूर्त स्थगित करून तसे खाटकास मोबाइलवर तातडीने कळवावे, ही नम्र विनंती.’