आमाबोडीचं शून्य

"अजून काहीच आलं नाही," असं म्हणत गुणाकररावांनी वहीतल्या सव्वाअकराच्या रकान्यात शून्य लिहिलं.

"हौ," फकिरा म्हणाला.

दोघं कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर दक्षिण आफ्रिकेतला एक पाणवठा होता. तिथल्या झाडावर बांधलेला कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला ताजं चित्र पाठवायचा, आणि बालाघाटच्या टेलिफोनच्या तारेतून ते पट्टीपट्टीने खाली उतरायचं. तेवढा वेळ घरचा फोन बंद. "माहेरचं कुणी गेलं तरी मला कळायचं नाही," मीनाक्षीबाई म्हणायच्या, "तुमच्या झेब्र्यांचं पाणी पिऊन झाल्याशिवाय!"

गुणाकरराव जंगल खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले, त्याला तीन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला जाताना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला आणि म्हाताऱ्याला हा नाद लागला. रोज सकाळी दोन तास, वहीत रकाने आखून. गल्लीत त्यांना 'आफ्रिकेचे रेंजर' म्हणत. ते हसण्यावारी न्यायचे.

नाद लागला तो मात्र गमतीने नव्हे. पहिल्याच आठवड्यात चार दिवस पाणवठ्यावर चिटपाखरू आलं नव्हतं. एवढं जनावरांनी भरलेलं जंगल, आणि दोन तासांत शून्य. चौथं शून्य लिहिताना त्यांचा हात थांबला आणि त्यांना फकिरा आठवला.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाणवठ्यावरची मोजणी होती. रोजंदारीवरचा चौकीदार फकिरा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा आमाबोडीच्या मचाणावर बसला आणि सगळ्या रकान्यांत शून्य लिहून कागद घेऊन आला. आमाबोडीवर एक वाघीण नेमाने पाणी प्यायला यायची, हे सगळ्या रेंजला ठाऊक होतं. असा कागद वर पाठवला तर साहेब उभा जाळेल, या धास्तीने गुणाकररावांनी शून्यं खोडली. ऑफिसात बसूनच लिहिलं : चितळ चौदा, रानडुकरं सहा, वाघीण एक. खाडाखोडीला कारण हवं, म्हणून खाली शेरा मारला : चौकीदार ड्युटीवर झोपलेला आढळला.

फकिराचं काम गेलं. हात जोडून तो उभा राहिला होता, मग दुपट्टा उचलून निघून गेला होता. पुढच्या मोजणीच्या आत गुणाकररावांची बदली झाली आणि ते आमाबोडी विसरले. विसरले याचीच आता त्यांना जास्त लाज वाटत होती.

फकिराच्या लांजीच्या पत्त्यावर त्यांनी तीन कार्डं टाकली. पहिल्या दोन्हींना उत्तर आलं नाही. तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं, 'ये. मला तुझी माफी मागायची आहे.' आज सकाळच्या बसने फकिरा आला होता. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि समोरचा चहा तसाच होता.

"आला बघ, जिराफ!" गुणाकरराव म्हणाले.

पुढचे पाय फाकवून, मान खाली घालून जिराफ पाणी पीत होता. फकिरा उठून उभा राहिला.

"पानी पिऊन राह्यला?"

"हो."

पुढच्या चित्रातही तो पीत होता. त्याच्या पुढच्या चित्रात पाणवठा रिकामा झाला.

"कुठी गेला?" फकिराने विचारलं.

"झाडीत गेला परत."

"चालत गेला ना, साहेब?"

"मग काय उडत जाणार?" गुणाकरराव हसले. फकिरा हसला नाही. त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"तिथं पान्याले राखन असते का?"

"असेल. बस तू." गुणाकररावांनी खणातून कागद काढला. घसा खाकरून वाचू लागले, "मी त्या वेळी खोटी नोंद केली. चौकीदार फकिरा झोपलेला नव्हता. त्याने लिहिलेले शून्य खरे होते..."

मीनाक्षीबाई दारात येऊन उभ्या होत्या. तीस वर्षं त्या नवऱ्याच्या सचोटीच्या गोष्टी चारचौघांत सांगत आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि त्या आत निघून गेल्या. गुणाकररावांना मान वर करता येईना.

"उद्या मी स्वतः ऑफिसात नेऊन देतो," ते म्हणाले. "माझं काय व्हायचं ते होवो. तुझ्यावरचा डाग निघाला पाहिजे."

"नोका देऊ."

"का रे?"

"झालं गेलं, साहेब. आता तुमचं नाव काहून खराब कराचं?"

गुणाकररावांचे डोळे भरून आले. ज्याच्या पोटावर आपण पाय दिला, तो आपल्या नावाची काळजी करतो! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"तू मोठेपणा करू नकोस, फकिरा. तू बारा तास उन्हात बसलास, दिसलं ते लिहिलंस. खोटा मी होतो. मी तुझ्या नखाचीही बरोबरी करू शकत नाही." ते खुर्चीवरून उठले आणि त्रेसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी जमेल तसे त्याच्या पायांशी वाकले.

फकिरा झटक्याने मागे सरला. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

"पाया नोका पडू, साहेब. तुम्ही लिवलं तेच खरं होतं. वाघीण आलती. पानी पिऊन तिथंच मेली. पान्यात औषध मीच टाकलतं."