माळावरच्या घारी

नेकनूरजवळच्या चराईच्या माळावर सोलरच्या काचा बसल्या, आणि दुपारी त्यांच्यावर घारी घिरट्या घालू लागल्या. आत मेंढरू मेलं असणार, म्हणून म्हातारा सिदू काठी घेऊन कुंपणाकडं धावला. फाटकावर त्याचाच मुलगा सोमनाथ वॉचमनच्या कपड्यात उभा होता.

"आबा, कायबी मेलं न्हाई. काचा तापल्या की गरम हवा वर चढती. घारी तिच्यावर फुकट तरंगत्यात."

"तरी एकदा बघून ये की. आपलं एखादं आत शिरलं असंल."

"आपली हायत कुठं आता? सगळी विकून तुमीच विठ्ठलराव पुढाऱ्याला पैसे चारले, तवा तर मला इथं मेंढरं हाकलायला ठेवलं."