परत येणारी मेल

“काका, घोळ सापडला,” दुरुस्तीवाला म्हणाला. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागच्या स्टुलावर तो सकाळपासून लॅपटॉप घेऊन ठाण मांडून बसला होता. “तुमचा हा नवा मेल सर्व्हर स्वतःचं नाव एक सांगतो आणि नोंदीत निघतं भलतंच. अशा अनोळखी माणसाला कोण घरात घेईल? दारातूनच हाकलतात. आता केलंय जुळवून.”

“म्हणजे सगळ्यांच्याच मेल परत येत होत्या? एकट्या पोराला पाठवलेलीच नाही?”

“छे हो! सरसकट सगळ्या.”

आठवडाभर धंदा बुडालेला माणूस वैतागला असता. चष्मेवाले चक्क हसले. “बघा! आणि मी काय काय मनात आणलं. म्हटलं, पोरानंच बापाला ब्लॉक केलं की काय.”

सोमवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. जन्मभर लोकांचे नंबर काढले आणि आता समोरच्या भिंतीवरचा तक्ता स्वतःलाच दिसेना. सोबत कुणीतरी आणा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घरात दुसरं होतंच कोण? मुलगा परगावी, फोन उचलायचा नाही. मेल टाका, लगेच बघतो, म्हणायचा. ‘सोमवारी येशील का?’ एवढंच विचारलं होतं, तर ते तीनदा परत आलं.

अडकलेल्या सगळ्या मेल दोघांनी पुन्हा पाठवल्या. पहिली मुलाला.

पाचच मिनिटांत लॅपटॉप वाजला. चष्मेवाल्यांनी नाक स्क्रीनला टेकवलं. काचांचा व्यापारी होता. ‘अहो, आहात कुठे? काळजी वाटायला लागली होती.’ मग कुणीतरी बाई, फ्रेम आली का म्हणून. मग आणखी एक गिऱ्हाईक. प्रत्येक आवाजाला ते धडपडत उठत होते, वाकत होते आणि परत खुर्चीत बसत होते. त्यांना फार एकटं वाटायला लागलं.

“नक्की गेली ना हो त्याची?”

“ही ओळ बघा. समोरच्यानं घेतली, असं लिहिलंय.”

“वाचली?”

“ते नाही कळत आपल्याला. बिझी असतील काका.”

“हो, हो. असतोच तो बिझी.”

संध्याकाळ झाली. दुरुस्तीवाल्यानं वायरी गुंडाळल्या, बॅग खांद्याला लावली. चष्मेवाले एका गिऱ्हाइकाचा चष्मा उगाचच पुसत बसले होते.

“एक विचारू? ते बिघडलं होतं ना, ते पुन्हा तसंच करून देता येईल?”

“काहीतरीच काय काका! धंदा बसेल तुमचा.”

“सगळ्यांचं नको हो,” चष्मेवाले म्हणाले. “फक्त पोराच्या पत्त्यापुरतं. सोमवारपर्यंत.”