डावा बूट

थंडीत आखाती वाळवंटातल्या तळ्यात फ्लेमिंगो उतरले की मी अल कुद्राला येऊन काठावरची तीच वाळूची टेकडी उकरतो. तीन वर्षांच्या इराचा डावा बूट इथेच रुतला होता. “माय शू!” म्हणत ती रडरड रडली, तेव्हा मी शब्द दिला होता, “बाबा शोधून देणार.” मग मायलेकी कायमच्या पुण्याला गेल्या. मी इथेच राहिलो. “खलास यार! दरवर्षी तेच!” गाडीपाशी थांबलेला माझा मित्र ॲम्ब्रोज ओरडला. तेवढ्यात वाऱ्याने सरकलेल्या वाळूतून गुलाबी टोक दिसलं. तोच! धापा टाकत व्हिडिओ कॉल लावला. “इरा, बघ काय सापडलं!” आता चौथीत असलेली इरा स्क्रीनवर वाकली. “सो क्यूट! कुणाचा आहे, बाबा?” “असेल कुणाचा तरी.” फोन ठेवला. बुटातली वाळू झाडली आणि तो होता तिथेच खोल पुरला. “मिळाला?” ॲम्ब्रोजने विचारलं. “नाही,” मी म्हटलं, “पुढच्या थंडीत बघू.”