रिकामी किटली

"अफू," डॉक्टर कॅप्टन म्हणाले आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा त्यांनी कृष्णातला दाखवला.

कृष्णातला आधी हसूच आलं. चहाच्या पलीकडे ज्याची कधी मजल गेली नाही, सुपारीचं खांडसुद्धा ज्यानं तोंडात टाकलं नाही, त्याच्या लघवीत अफू! मग डॉक्टरांचा चेहरा बघितला आणि हसू विरलं. उद्या सकाळी परेडच्या मैदानावर त्याच्या बाहीवर तिसरी फीत चढायची होती. नाईकाचा हवालदार व्हायचा होता. हातकणंगल्याजवळच्या गावातून त्याची आई चिमणाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या एसटीनं कोल्हापूरला निघणार होती. आता मोठ्या लॅबचा अहवाल येईपर्यंत फीत लटकणार, आणि आईला छावणीच्या फाटकावर काय सांगायचं?

नशेची ही तपासणी कधीही, न सांगता व्हायची. सगळ्या कंपनीच्या नावाच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असत. कंपनीच्या प्रमुख मेजर प्रियदर्शनी मॅडमनी रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावाची चिठ्ठीही सगळ्यांदेखत आत टाकली होती. बाई न्यायाला पक्क्या. आज सोमवारी त्यांनी डोळे मिटून हात घातला आणि नाव निघालं कृष्णातचं.

आणि काल रविवारी काय थाट होता! फितीच्या आनंदात चिमणाबाईनं दुधाच्या गाडीतून पांढऱ्या रश्श्याची भलीमोठी किटली पाठवली होती. काजू, तीळ, खसखस, नारळाचं दूध, कशालाच तिनं हात आखडला नव्हता. सगळी कंपनी पंगतीला बसली. मेजरमॅडमनी मात्र "माझं डाएट आहे" म्हणत एकच वाटी घेतली, तीही चवीपुरती. उरलेला रस्सा कृष्णातच्या न्याहारीसाठी झाकून ठेवला होता, पण सकाळी बघतात तर किटली चाटूनपुसून लख्ख. आळ आला कंपनीतल्या झिशानवर, कारण खादाड म्हणून त्याचंच नाव. बिचाऱ्यानं गळ्याची आण घेतली, कुणी ऐकून घेतलं नाही.

आता कंपनी मैदानात उभी होती आणि कृष्णात पुढे.

"चिठ्ठी सगळ्यांना सारखी असते, कृष्णात," मेजरमॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते लपत नव्हतं. "तुझी निघाली. मी काय करू?"

कृष्णात साहेबांपुढे कधी तोंड वर करून बोलला नव्हता. आज बोलला. "मॅडम, चिठ्ठी कुणाची बी निघू दे, माझं काय म्हणणं न्हाय. पर ह्या आठवड्यात म्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यालं न्हाय. जे खाल्लं ते ह्या समद्यांच्या पंगतीत बसून खाल्लं. पंगत समद्यांची आनि तपासनी एकट्याची, ह्यो कुठला न्याय?"

मेजरमॅडमनी क्षणभर त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि टोपी काढून काखेत मारली.

"बरोबर बोललास. डॉक्टर, सगळ्यांची घ्या. पहिली बाटली माझी."

मग जी गंमत उडाली ती काही विचारू नका. अख्खी कंपनी हातात बाटल्या घेऊन रांगेत! कुणी घटाघटा पाणी पितोय, कुणी नळ सोडून ठेवा म्हणतोय. डॉक्टर यंत्रात नमुने घालू लागले आणि त्यांच्या भुवया वर वर चढत गेल्या. अफू. अफू. पुन्हा अफू. कुणाची थोडी, कुणाची जास्त, पण अफू सगळ्यांत. अपवाद एकटा सिद्धाप्पा. त्याचा आकडा शून्य.

"काल तू काय खाल्लंस?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"दही-भात की," सिद्धाप्पा कुरकुरला. "आमच्यात मटण चालत न्हाय साहेब. हे समदे भुरके मारत हुते, मी तोंडं बघत बसलो."

मग डॉक्टरांनी कृष्णातला विचारलं, "त्या रश्श्यात काय काय होतं?"

कृष्णात बोटांवर मोजत सांगू लागला. तिसऱ्या बोटावर डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "खसखस! अरे, अफूच्या बोंडातलंच बी ते! नशा काही होत नाही, पण यंत्राला ते काय कळणार? आईनं मूठभर घातली असणार."

"मूठभर? ती वंजळीनं घालती!" कृष्णात ओरडला आणि सगळं मैदान हसायला लागलं. कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. सिद्धाप्पानं त्याला उचलूनच घेतलं.

इकडे झिशान यंत्राशी वाकून सगळे आकडे बघत होता. त्यानं पुन्हा बघितलं, आणि ताठ उभा राहिला.

"डॉक्टरसाहेब, ज्यानं जास्त रस्सा हाणला त्येचा आकडा मोठा, व्हय?"

"साधारण तसंच."

"मग माझा तर लईच बारका हाय. आनि ह्यो सगळ्यात मोठा, कृष्णातच्या दुप्पट, ह्यो कुणाचा हाय?"

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि घसा खाकरला. वाचून मात्र दाखवलं नाही. गरजच नव्हती. एकेक करत सगळ्यांच्या माना मेजरमॅडमकडे वळल्या. बाईंचे कान लालबुंद झाले होते. हसू दाबण्यासाठी जवानांनी ओठ चावले. झिशानच्या चेहऱ्यावर तर दिवाळी होती.

मेजरमॅडमनी टोपी डोक्यावर चढवली, नीट बसवली.

"झिशान, माफ कर. आणि हवालदार कृष्णात, आईंना फोन लाव. उद्या येताना दोन किटल्या आणायला सांग, एक माझी."