नावापाशी फाटलं

नेमकं नावापाशीच फाटलं होतं.

प्रज्ञाने हेडफोन कानांवर दाबला आणि तो तुकडा तिसऱ्यांदा लावला. द्रौपदाबाई कुजबुजत होती तिथवर सगळं नीट. भर दुपार, सरकारी विहीर, त्यात पाइप सोडणारा तिचा पोरगा प्रशील. मग म्हातारीचा आवाज चढला आणि खर्रर्र, दगडावरून पत्रा ओढत न्यावा तसं. ढकलणाऱ्याचं नाव त्या खरखरीत गेलं. ज्या एका शब्दासाठी प्रज्ञा धुळ्याहून या गावात आली होती, तेवढाच गेला.

तिने रेकॉर्डर उलटा करून बघितला. पिन 'माइक' लिहिलेल्या भोकात होती. माइक आहे, मग माइकच्याच भोकात घालणार ना माणूस! हे सामान तिच्या मावसभावाचं, तेजसचं. त्याच्या खोलीवर हातात देताना त्याने बजावलं होतं, "ताई, या माइकच्या पोटातच आवाज वाढवायची सोय आहे. तो तगडा होऊनच बाहेर येतो. त्याला लाइनच्या भोकात घाल. माइकच्या भोकात घातलास तर रेकॉर्डर तो आणखी वाढवतो, आणि मग फाटतो." तिने मान डोलावली होती. शिकलेली माणसं न समजताही फार छान मान डोलावतात.

मोबाइल म्हातारीने घरात काढूच दिला नव्हता. मागे एका पत्रकाराने मोबाइलवर तिचं बोलणं घेतलं. तासाभरात ते गावाच्या ग्रुपवर फिरलं, आणि दुसऱ्या सकाळी तिच्या दोन्ही शेळ्या तोंडाला फेस येऊन पडलेल्या.

"व्हयनं का, पोरी?" द्रौपदाबाईने विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती. भिंत दोन घरांत मिळून एकच. पलीकडे भिकन. आपल्यातलाच, पण गावचा बडा जमीनदार जीवराम आबा, त्याच्या ट्रॅक्टरवर कामाला. आज तो कामावर गेला नव्हता. त्याचा टीव्ही मोठ्याने चालू होता.

"बिघडलं, अक्का. माझी चूक झाली. परत सांगावं लागेल."

"मन्हा पोऱ्यानं मरन शे हाई. भजन नही परत परत म्हनाले."

पुन्हा पुन्हा म्हणायला ते भजन नव्हतं, हे प्रज्ञालाही कळत होतं. पण पोलिसांच्या कागदावर 'पाय घसरून पडला' एवढंच होतं आणि ती फाइल आता बंद व्हायची होती. प्रज्ञा ज्यांच्याकडे काम करायची ते वकीलसाहेब उद्या सकाळी हे बोलणं कोर्टातल्या अर्जासोबत लावणार होते. म्हातारीला धुळ्याला नेणं जमत नव्हतं. ती पारोळ्याच्या एसटीत चढली की मागे मोटारसायकल लागायची.

तिने पिन लाइनमध्ये घातली. "काहीतरी बोला, अक्का."

म्हातारी कुजबुजली. रेकॉर्डरच्या पडद्यावरची आवाजाची पट्टी जागची हलली नाही. कानात नुसती सळसळ. माइकचं आवाज वाढवायचं बटण आधीच टोकाला होतं. पहिल्या भोकात कुजबुज यायची, पण नावापाशी म्हातारीचा आवाज चढणारच आणि पुन्हा फाटणार.

"कुजबुज यात येत नाही. जोरात बोलावं लागेल," प्रज्ञा म्हणाली, आणि हे आपणही कुजबुजूनच सांगतोय हे तिच्या ध्यानात आलं.

"कितला जोरमा?"

"घरात बोलतो तेवढं."

"घरमा?" म्हातारी हसली. "तीन महिना व्हई ग्यात, या घरमा कोनी जोरमा बोलनं नही."

दुसरीकडे कुठे जावं? शेतात आबाची माणसं. बुद्धविहाराच्या दारासमोर आबाने खांब रोवून कॅमेरा बसवून दिला होता, म्हणे तुमच्याच सुरक्षेसाठी. प्रज्ञाच्या मनात आलं, राहू द्यावं. वकीलसाहेबांना सांगावं, मशीन बिघडलं. या देशात मशीनवर ढकललं की सगळे सुटतात. तिने दाराकडे बघितलं. कडी लावलेली होती. तरी तिने पुन्हा बघितलं.

"लाव मशीन," द्रौपदाबाई म्हणाली.

"अक्का, पलीकडे भिकन..."

"माले माहीत शे पलीकडे कोन शे. लाव तू."

लाल दिवा लागला. म्हातारीने पाठ भिंतीपासून सोडवली आणि ताठ बसली.

"मी द्रौपदाबाई पितांबर अहिरे. मन्हा पोऱ्या प्रशील पाय घसरीसन पडना नही. जीवराम आबाना पोऱ्या नवलनी त्याले ढकली दिन्हा. मी मन्हा डोळाघाई दखं."

पट्टी सरसर वर गेली आणि हिरव्यातच थांबली. नाव स्वच्छ आलं. एक अक्षर फाटलं नाही. प्रज्ञाला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच क्षणी पलीकडचा टीव्ही बंद झाला.

म्हातारी बोलतच राहिली. नवलने काय शिवी दिली, पोरगा काय म्हणाला, पाण्यात पडल्यावर किती वेळ हात वर दिसत होता. प्रज्ञाने एका कानावरचा हेडफोन सरकवला. बाहेर चपला घासत आल्या. दारापाशी थांबल्या. तिचं बोट आपोआप बंद करायच्या बटणावर गेलं. द्रौपदाबाईने तिचं मनगट धरलं. हात लाकडासारखा होता.

"भिकन," आवाज तसूभरही न उतरवता म्हातारी दाराकडे बघून म्हणाली, "तू बी तठेच व्हता ट्रॅक्टरवर. तू बी दखं. बाहेर काय उभा शे? मझार ये, बठ. मन्हं सरनं, आते तू सांग."

दाराबाहेर चपला एकदा घासल्या. पण माघारी गेल्या नाहीत.

"कडी काढ, पोरी."

कडीपर्यंत तीन पावलं होती. प्रज्ञा उठली.