भावाच्या नाकाचा साचा

सोपानच्या नाकावर इफ्फतनं ठसा घ्यायचा गार लगदा थापला. तोंडात नळी धरून तो खुर्चीत निपचित पडला होता. शेजारच्या बाकावर त्याची थोरली बहीण प्रयागबाई पदरानं तोंड झाकून बसली होती. बारामतीच्या त्या लहानशा खोलीत आल्यापासून दोघं एकमेकांशी अक्षर बोलली नव्हती.

प्रयागबाईचं नाक कॅन्सरनं नेलं होतं. जीव वाचला, पण सणसरच्या घरात ती उंबऱ्याबाहेर पडेनाशी झाली. इफ्फत सिलिकॉनची नाकं, कान बनवायची. ती म्हणाली होती, "मावशी, फोटोत नाकाचा उठाव सापडत नाही. रक्ताच्या माणसाचं नाक मिळालं तर बरं." प्रयागबाईच्या लेकाचं नाक बापावर गेलेलं. उरला मोरगावचा भाऊ, सोपान.

आई गेली तेव्हा या भावानं बहिणीची वाट न बघता माती उरकली होती. प्रयागबाई पोचली ती विझत्या चितेपाशी. तिथंच तिचं माहेर तुटलं. आता लेकानं तिला न विचारता मामाला फोन लावला, आणि मामा मिळेल त्या एसटीनं आला.

लगदा निघाला. त्यात उमटलेल्या खळग्यात इफ्फतनं मेण ओतलं. मेणाचं नाक बाईच्या चेहऱ्याला शोभेल इतकं कोरलं, प्रयागबाईच्या तोंडावर बसवून बघितलं आणि त्यावरून प्लास्टरचा साचा केला.

पुढच्या खेपेला रंगाचं काम होतं. सोपान याही वेळी आला, पण दाराशीच उभा राहिला. सिलिकॉन दुधाच्या सायीसारखं होतं. इफ्फत त्यात थेंबाथेंबानं रंग मिसळायची, प्रयागबाईच्या गालाशी धरायची, मान हलवायची, पुन्हा मिसळायची. साच्यात आधी उन्हानं रापलेल्या रंगाचा थर, त्यावर गव्हाळ, आत तांबूस. मधे तिनं केसाहून बारीक लाल धागे पेरले.

"ह्ये काय गं?"

"शिरा, मावशी."

प्रयागबाई पुढं सरकली. पदर कधी खाली आला, तिला कळलंही नाही.

साचा भट्टीत तापला, निवला, उघडला. इफ्फतनं नाक तिच्या तळहातावर ठेवलं. कानाच्या पाळीसारखं मऊ. कडा कांद्याच्या पापुद्र्यासारखी. घामाची छिद्रंसुद्धा होती. प्रयागबाईनं श्वास रोखून धरला, जणू हातात नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू होतं.

"मानसाच्या हातानं हितवर जाता येतं व्हय," ती पुटपुटली.

इफ्फतनं डिंक लावून नाक बसवलं, कडा बोटानं दाबत नेली. कडा गालात विरून गेली. मग तिनं आरसा समोर धरला.

प्रयागबाई बघतच राहिली.

"रंग पटतोय ना? काही बदलू?" इफ्फतनं विचारलं.

"नगं. हात लावू नगंस, पोरी. ही मी न्हाय. ही माझी आई हाय."

दाराशी उभा असलेला सोपान दोन पावलं पुढं आला. टोपी काढून त्यानं छातीशी धरली.

"अक्का," तो म्हणाला, "जरा उजेडाकडं तोंड कर. तिचा फोटो बी न्हाय आपल्याकडं. मला तिचं तोंड आठवंना झालंय."